मेडिकल झालं, बाई कुठे गेली?

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. खात्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. कारण पुढे येईल.

मी कळव्याची. गेली अकरा वर्षं एचआयव्ही समुपदेशक आहे, कंत्राटी. गेल्या मंगळवारी रात्री तुर्भ्याच्या बाजूला कुंटणखान्यावर छापा पडला, सहा जणींची सुटका झाली. पेपरात फोटो आला, सगळ्यांची तोंडं बांधलेली. त्यातली पिवळ्या ओढणीची माझी पेशंट. बंगालची, बावीसेक वर्षांची. चार महिने मागे लागून तिला एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर, आणली होती, शिवाय टीबीच्या गोळ्यांचा दुसरा महिना. छाप्यात तिला चप्पल घालू दिली नाही, गोळ्या कुठल्या घेणार?

महिला दिनाच्या कार्यक्रमात शासनाच्याच एका साहेबांनी माईकवरून शब्द दिला होता, की सुटका झालेल्या एकाही भगिनीचा उपचार तुटणार नाही. मी टाळ्या वाजवल्या. आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी धावत दवाखान्यात गेले. पिटा, म्हणजे देहव्यापार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मेडिकल चालू होतं: वय, जखमा, गुप्तरोग. एक शिपाई व्हरांड्यात ओरडला, "ती एचआयव्हीवाली कोणती?" 2017 च्या एचआयव्ही कायद्यात संमती आणि गोपनीयता दोन्ही आहे हो. व्हरांड्यातल्या गर्दीला बहुधा ठाऊक नसावं. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला भेटू दिलं नाही. मी नातेवाईक नाही ना.

बाकीच्या पाच जणींचे रिपोर्ट निगेटिव्ह. सगळे खूश! अहो, नुकती लागण असेल तर तपासणीत दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस सहा महिन्यांत. टीबीच्या गोळ्या सहा महिने. आणि बाई? आज सुधारगृहात, उद्या गावच्या गाडीत, परवा कदाचित पुन्हा विकलेली. डोस चुकत गेले की औषध लागू पडेनासं होतं. कोवळ्या वयात विकलेल्यांचे हाल तर विचारू नका. भारतातून परत गेलेल्या 287 नेपाळी मुलीबायकांचा अभ्यास 2007 साली छापून आला. त्यात 38 टक्के एचआयव्हीबाधित होत्या. पंधराच्या आत विकल्या गेलेल्यांत 60 टक्क्यांवर. गिऱ्हाइकाला 'निरोध वापर' म्हणायची त्या पोरींची टाप होती का?

टीबीच्या पेशंटला पोषणासाठी महिना 1000 रुपये मिळतात म्हणे. ते बँकेत येतात, बँकेला आधार लागतं, आधार घरवालीच्या, म्हणजे कुंटणखान्याच्या मालकिणीच्या, ट्रंकेत.

मलाही झाला होता टीबी, 2019 साली. बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर खोकला ऐकल्याचं बक्षीस. कंत्राटी माणसाला आजारपणाची रजा नाही, दोन महिन्यांचा पगार कापला. सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळं काढलं, ते आजतागायत वेगळंच आहे. या वर्षीचा पगारही तीन महिने थकलाय. विषय तिचा होता, मी माझं रडगाणं लावलं, माफ करा. पण लिहायला बसलं की सगळंच वर येतं.

छाप्याला जाताना "गोळ्या चालू आहेत का?" एवढं एक वाक्य विचारा. बाटली सोबत द्या. बाईला जिथे पाठवाल तिथल्या एआरटी केंद्राची चिठ्ठी द्या. पैसे पडतात का याला? पण नाही. छापा गृह खात्याचा, आजार आरोग्याचा, निवारा महिला-बालविकासचा. बाई कुणाचीच नाही. म्हणून वर खातं लिहिलं नाही. जे लिहिलं असतं, ते म्हणालं असतं, आमच्याकडे येत नाही. मतदारयादीत नाव नसलेल्या बाईसाठी कोण फाइल हलवतो?

शुक्रवारी मी तिच्या खोलीवर गेले. शेजारणीने कुलूप उघडून दिलं. उशीखाली पांढरी बाटली होती, आत तेवीस गोळ्या. माझ्या पर्समध्ये आहे. तिला कुठे ठेवलंय, तेवढा पत्ता कळवा. माझ्या पैशाने नेऊन देते.

आपली,
एक कंत्राटी समुपदेशक, कळवा