विषय: टॉनिकच्या बाटलीवरचं स्टिकर आणि तुमची हेल्पलाइन

व्यवस्थापक,

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन झाला. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या 'शि च्वान दा बू' या चिनी टॉनिकच्या दहा घटकांत डांग ग्वेई ही मुळी आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत ते घेतलं तर रक्त नको इतकं पातळ होऊ शकतं, हेही आयातदाराला ठाऊक असणारच. माझ्या आईच्या हृदयात मेटलचा मायट्रल व्हॉल्व्ह आहे. वॉर्फरिन कायमची. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायचा. थकवा जावा म्हणून तुमचं टॉनिक रोज दोन झाकणं दिलं. सोळाव्या दिवशी चूळ भरताना बेसिन लाल, दंडावर जांभळे डाग, आयएनआर 6.1.

डॉक्टरांना आधी विचारलं नाही, ही चूक माझी. पण बाटलीवरचं तुमचं एमआरपीचं स्टिकर नखाने खरवडलं, तर खाली बारीक इंग्रजीत छापलेलं: रक्त पातळ करणारी औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारा. म्हणजे इशारा आहे. फक्त किमतीखाली गाडलेला.

हे आजच्या फोनवर सांगितलं, तर उत्तर आलं, "मॅडम, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नसतो." मी म्हटलं, अहो, दोन औषधांचं एकमेकांशी जमत नाहीये. होल्ड. तीन मिनिटं बासरी. मग, "आईंचं वय?" एकाहत्तर. "मग या वयात डाग येतातच ना." मग, "कोमट पाण्यातून दिलं होतं का?" नाही हो, राहिलंच. हॉस्पिटलवाल्यांनीही तेवढं सोडून बाकी सगळं विचारलं. शेवटी, "सील तुटलंय, रिटर्न होणार नाही." रिटर्न मागितलं कोणी होतं?

तुमचा बाम आमच्या घरात बारा वर्षं आहे. आता तोही उलटून बघते, कशावर काय चिकटवलंय ते.

स्टिकर इशाऱ्यावरून काढा. विकलेल्या बाटल्यांच्या गिऱ्हाइकांना कळवा. वॉर्फरिन म्हणजे काय, हे फोनवरच्या मुलांना शिकवा. आणि ते स्टिकर काढाच. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर अन्न व औषध प्रशासन आणि ग्राहक आयोग, दोन्हीकडे जाणार आहे. अर्ध्या सोललेल्या स्टिकरसकट बाटली जपून ठेवली आहे.

पावती आणि रिपोर्ट सोबत. फोन करू नका.

एक ग्राहक, पुणे