घरच्या फोटोला परवानगी कुणाची?

महोदय,

माझ्या मामांना पुढच्या महिन्यात नव्वदावं लागतंय. बदलापूरचं त्यांचं तळमजल्यावरचं घर २६ जुलै २००५ च्या पुरात बुडालं, त्यात सगळे अल्बम गेले. माझ्या आईच्या लग्नातला एकच फोटो आता उरलाय, तो माझ्याकडे आहे. मे १९६१ चा. राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वर बटर पेपर. आई मुंडावळ्या सावरतेय आणि तिच्या मागे अर्धं तोंड दिसतंय ते मामांचं. कडांना चंदेरी झाक आली आहे, बाबांच्या खांद्यावर बुरशीचा ठिपका पडलाय. आणखी उशीर करून चालणार नाही.

नौपाड्यातल्या एका दुकानात कॉपी करायला गेले. काउंटरवरच्या मुलाने कोपऱ्यातला स्टुडिओचा उठावदार शिक्का बोटाने चाचपला आणि फोटो परत दिला. ‘काकू, कॉपीराइट आहे. स्टुडिओचं पत्र आणा.’ गिरगावातला तो स्टुडिओ बंद होऊन तीस वर्षं झाली, पत्र कुणाकडून आणू? दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्याने सुचवलं, मोबाइलवर फोटो काढून आणा, मग प्रिंट देतो. पण मोबाइलमध्ये ट्यूबलाइटची चमक येते, आणि मामांचा चेहरा मुळातच करंगळीच्या नखाएवढा. तो स्कॅनरवरच नीट येईल.

घरी येऊन कायदाच वाचला. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार झाला नसेल तर, तो काढून घेणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला कलम ५२ मध्ये मुभा आहे, ती वेगळीच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोची मुदत फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झाली हे खरं, पण आधी मालक कोण ते तर पाहा. आईच्या वडिलांच्या लग्नखर्चाच्या वहीत, केळवणाच्या आणि मांडववाल्याच्या खर्चाखाली, त्यांच्याच अक्षरात ‘फोटोवाला रु. ४५’ अशी नोंद आहे. म्हणजे हक्क आजोबांचा, त्यांच्यामागे वारसांचा. ज्या मामांसाठी मी कॉपी मागत होते, ते त्यांचेच चिरंजीव.

फोटोग्राफरांच्या हक्काला माझा मुळीच विरोध नाही. मासिकातला, प्रदर्शनातला फोटो कुणी परस्पर छापून मागत असेल तर दुकानदाराने जरूर अडवावं. काउंटरवरच्या त्या मुलावरही राग नाही. त्याला मालकाने सांगितलं तेच तो बोलला. म्हणून विनंती मालकांना आहे: शिक्का दिसला की नाही म्हणू नका. ‘फोटो आमच्या घरचा आहे, आम्हीच काढून घेतला होता’ असं ग्राहकाकडून लिहून घ्या आणि कॉपी द्या. मी आत्ता सही करून द्यायला तयार आहे, आजोबांची वहीही सोबत आणीन. मामांच्या वाढदिवसाआधी मला दहा बाय बाराची एक प्रत हवी आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, चरई, ठाणे