अक्षीच्या माहेरवाशिणीला, नाशिकहून

मावशी, सप्रेम नमस्कार.

अलिबागजवळच्या अक्षीला तुमच्यामुळे जे पक्षी बघायला मिळाले, त्याचे घरी येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "बसा, चहा टाकते" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आम्ही पंचवटीतली पक्षी बघणारी मंडळी. थंडी पडली की आमची वाट ठरलेली: निफाड, चापडगाव, नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवाच्या संगमावर कधीही जा, पट्टकादंब नाही तर चमचे, कुठला तरी पक्षी दिसतोच. ऑयस्टरकॅचर मात्र समुद्रावरचा पाहुणा. रशिया-कझाकस्तानकडे वीण करून हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उतरतो, आणि जगभरात त्याची संख्या घटत चालली आहे. तो अक्षीला दिसतो एवढं आम्हाला ठाऊक होतं. कोणत्या वेळी जायचं, हे सांगणारं आमच्यात कुणी नव्हतं.

ते तुम्ही सांगितलंत. भिंतीवरचं कालनिर्णय काढलंत, जायच्या दिवशी वद्य पंचमी होती. "तिथीची पाऊणपट करायची. पाच त्रिक पंधरा, भागिले चार. पावणेचारला भरती. तिथून सहा तासांनी पाणी पार खाली." मग आम्ही दहाच्या सुमारास पोचायचं ठरवताच तुम्ही थांबवलंत. पूर्ण सुकती झाली की पक्षी लांब पाण्याच्या कडेला पांगतात, तिथवर नजर पुरत नाही. पाणी उतरत असतानाच गाठायचं, साडेसातच्या आत. माहेरच्या अंगणात लहानपणापासून बघितलेलं तुम्ही आम्हाला एका दुपारी देऊन टाकलंत.

आणि तस्संच झालं. ओल्या वाळूवर कुरव बसले होते, छोटे चिखले लाटेमागे धावत होते, आणि त्यांच्या पलीकडे ते काळे-पांढरे, लांब नारिंगी चोचीचे. दुर्बिणीत दिसलं, एकाने वाळूतून तिसरी, म्हणजे दोन झडपांचा शिंपला, उपसली. शिंपल्याच्या फटीत चोच घातली, मान जराशी वळवली. आतला स्नायू तुटला की शिंपला मिटून धरायला काही उरत नाही. मऊ मांस बाहेर ओढून गिळलं आणि रिकामा शिंपला तिथेच टाकून तो पुढे. लाल डोळा, गुलाबी पाय, सगळं स्वच्छ दिसलं. आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, ती तुम्हाला हे सांगणार नाही म्हणून मी सांगतोय.

त्याहून मोठं ऋण तुमच्या भाच्याचं आहे. कुणीतरी गाडी थेट वाळूत घालून थव्याकडे निघालं होतं. तो पुढे जाऊन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "दादा, त्यांचं पोट भरायचे हेच चार तास आहेत. पाणी चढलं की दिवसभर उपास." गाडी मागे फिरली. फोटोसाठी थवा उठवणारे आमच्या छंदातही आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही. इतक्या लांबून आलेल्या पक्ष्याला आपल्या हौसेपायी उपाशी उडवायचं, हा कसला छंद? त्या दिवशी आम्ही कुणीही पन्नास पावलांच्या आत गेलो नाही.

येताना अक्षीतला शके ९३४ चा तो शिलालेखही पाहिला. मराठीतला सर्वात जुना मानला जातो, म्हणून हात जोडले. वहिनींच्या तांदळाच्या भाकऱ्यांनाही तितक्याच मनापासून जोडतो.

आता एक विनंती. इतकी वर्षं नाशकात राहून तुम्ही नांदूर मध्यमेश्वर पाहिलेलं नाही, असं परवा बोलता बोलता कळलं. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला गाडी तुमच्या दारात येईल. भाच्यालाही बोलावून घ्या. चहाचा थर्मास आमचा.

तुमचे,
पंचवटीतली पक्षीवेडी मंडळी