असांज सुटला, खटला मात्र चाललाच नाही

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सरकारांचे गुप्त कागद छापणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाचा संस्थापक ज्युलियन असांज सुटला म्हणजे शेवटी वृत्तपत्रस्वातंत्र्य जिंकलं, असं तू लिहितोस. वहिनींचं म्हणणं नेमकं उलट: माणसानं गुन्हा कबूल केला, म्हणजे तो दोषीच होता. मला दोन्ही पटत नाही. सरकारनं दडवलेले कागद मिळवून छापणं हा गुन्हा आहे का, यावर इतकी वर्षं जगभर भांडण झालं आणि एकाही वरिष्ठ न्यायालयानं त्याचा निकाल दिला नाही.

आधी आरोप नीट बघ, कारण वादातला निम्मा गोंधळ तिथेच होतो. अमेरिकी लष्कराचे आणि वकिलातींचे गुप्त कागद फोडून विकिलीक्सला दिले चेल्सी मॅनिंग यांनी. त्या अमेरिकी लष्करात गुप्तवार्ता विश्लेषक होत्या. २०१३ मध्ये त्यांना ३५ वर्षांची शिक्षा झाली, ओबामांनी ती कमी केली आणि मे २०१७ मध्ये त्या सुटल्या. असांज फोडणारा नव्हे, छापणारा. त्याच्यावर १८ आरोप होते. १७ आरोप अमेरिकेच्या १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली, प्रत्येकी कमाल १० वर्षं. अठरावा संगणकात घुसखोरीच्या कटाचा, कमाल ५ वर्षं. ते सगळीकडे छापून आलेले १७५ वर्षं म्हणजे ही बेरीज.

संगणकाच्या आरोपाबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही. मार्च २०१० मध्ये लष्करी यंत्रणेतला एक पासवर्ड फोडायला मदत करायचं त्यानं मॅनिंगकडे कबूल केलं, असा तो आरोप. प्रयत्न यशस्वी झाला असं आरोपपत्रही म्हणत नाही, पण कुठल्याही बातमीदारानं हे काम करू नये. उरलेल्या १७ आरोपांचं काय? कागद मागितले, घेतले, आणि त्यातल्या तीन आरोपांत तर निव्वळ छापले. संरक्षण खात्याच्या बातम्या देणारा कुठलाही चांगला बातमीदार हेच करतो. ओबामांच्या काळात न्याय खात्यानं आरोप ठेवले नाहीत त्याचं कारण हेच होतं: असांजवर ठेवायचे, तर तेच कागद छापणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सवर का नाही? ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, मे २०१९ मध्ये, ते ठेवले गेले.

या हेरगिरी कायद्याची खरी गोम म्हणजे लोकहिताच्या हेतूला तिथे जागाच नाही. लोकहितासाठी छापलं, हा बचाव ज्युरीपुढे मांडताच येत नाही. बगदादमध्ये १२ जुलै २००७ रोजी अमेरिकी अपाची हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबाराची विकिलीक्सनं दाखवलेली चित्रफीत आठव. रॉयटर्स वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार नमीर नूर-एल्दीन आणि चालक सईद चमाघ त्यात मारले गेले. रॉयटर्सनं रीतसर अर्ज करूनही ती चित्रफीत मिळाली नव्हती. ती दाखवणं लोकांच्या हिताचं होतं की नाही, हा प्रश्न या कायद्याखाली गैरलागू ठरतो. आपला १९२३ चा शासकीय गुपिते कायदाही त्याच वळणाचा आहे. त्याच्या कलम ५ खाली असा कागद नुसता घेणं हासुद्धा गुन्हा होऊ शकतो. पण आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) नं एक खिडकी उघडून ठेवली आहे (लोकहित मोठं असेल तर गुप्त माहितीही देता येते), आणि राफेल प्रकरणात १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं वर्तमानपत्रात आलेले गुप्त कागद विचारात घ्यायला परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी, ११ एप्रिलला, लंडनच्या पोलिसांनी असांजला, जामीन मोडून तो जिथे आश्रयाला होता त्या इक्वेडोरच्या दूतावासातून उचलून बाहेर काढलं.

आता वहिनींचा दुसरा मुद्दा, नावं न झाकण्याचा, कारण तो खरा आहे. सप्टेंबर २०११ मध्ये विकिलीक्सनं २,५१,२८७ राजनैतिक तारा, म्हणजे अमेरिकी वकिलातींचे सरकारी संदेश, नावं न झाकता सगळ्याच्या सगळ्या खुल्या केल्या. त्या फाइलचा पासवर्ड आधी एका पुस्तकात छापला गेला होता, फाइल इंटरनेटवर फिरत होती आणि दुसऱ्या एका संकेतस्थळानं त्या आधी टाकल्या होत्या, हे सगळं खरं. तरीही स्वतः टाकायला नको होत्या. अमेरिकी वकिलातीत येऊन विश्वासानं बोललेली साधी माणसं त्यात होती. विकिलीक्सच्या जोडीनं काम केलेल्या वर्तमानपत्रांनीही तेव्हा निषेध केला. दुसऱ्या बाजूला, पेंटॅगॉनच्या तपासणी पथकाचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट कार यांना मॅनिंगच्या खटल्यात या कागदांमुळे मेलेला एकही माणूस दाखवता आला नाही. हाही पुरावा पारड्यात टाकावाच लागतो.

ब्रिटनमधून अमेरिकेकडे प्रत्यार्पण कुठे अडलं, ते सांगतो. ४ जानेवारी २०२१ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाच्या न्यायाधीश व्हनेसा बराइट्सर यांनी नकार दिला, तेव्हा लोकांनी पेढे वाटले. निकाल वाचला की वेगळंच दिसतं. वृत्तस्वातंत्र्याचा मुद्दा फेटाळला. राजकीय गुन्ह्याचाही फेटाळला: ब्रिटन-अमेरिका करारातलं कलम ४ राजकीय गुन्ह्यासाठी प्रत्यार्पण करू नये असं म्हणतं, पण ब्रिटनच्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्यात ती तरतूद नाही, आणि न्यायालय कायद्यानं बांधलेलं, कराराने नव्हे. नकार उरला तो फक्त त्या कायद्याच्या कलम ९१ वर. असांजची मानसिक अवस्था आणि अमेरिकी तुरुंगातला एकांत बघता तो आत्महत्या करेल, म्हणून पाठवणं जुलमाचं होईल, इतकंच.

तुरुंगावर अडलेला नकार काढायला तुरुंगाबद्दलची हमी पुरते. अमेरिकेनं ती फेब्रुवारीत दिली: कोलोरॅडोतल्या फ्लॉरेन्सच्या कडेकोट तुरुंगात ठेवणार नाही, विशेष निर्बंध लावणार नाही, शिक्षा ऑस्ट्रेलियात भोगता येईल. त्याच हमीत एक पळवाटही ठेवली होती, पुढे त्याच्या वागण्यामुळे गरज पडली तर हे सगळं लावता येईल. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयानं नकार फिरवला. हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. मल्ल्याच्या खटल्यात याच वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयानं आर्थर रोड तुरुंगाच्या १२ क्रमांकाच्या बराकीचा दिवसाउजेडी काढलेला व्हिडिओ मागवला होता. नीरव मोदीनंही कलम ९१ आणि आत्महत्येचाच मुद्दा काढला, आणि २०२२ मध्ये भारताच्या हमीवर तो निकाली निघाला.

मार्च २०२४ मध्ये मात्र खरी पकड बसली. अमेरिकी सरकारी वकिलानं प्रतिज्ञापत्रात आधीच म्हणून ठेवलं होतं की परदेशी नागरिकाला पहिल्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं, संरक्षण नाही असा युक्तिवाद आम्ही करू शकतो. मग राष्ट्रीयत्वामुळे खटल्यात भेदभाव होणार नाही कशावरून? लंडनच्या उच्च न्यायालयानं हमी मागितली, आणि एप्रिलमध्ये ती आली. तिच्यातलं क्रियापद बघ. असांजला हे संरक्षण 'मांडता येईल आणि त्याचा आधार घेण्याचा प्रयत्न करता येईल'. आधार घेता येईल, असं म्हटलेलं नाही. ते लागू होतं की नाही हे फक्त अमेरिकी न्यायालय ठरवेल, हेही पुढे जोडलेलं. प्रयत्न करायला कुणालाच कुणाची परवानगी लागत नाही! न्यायाधीशांना ही हमी पुरेशी वाटली नाही आणि २० मे रोजी त्यांनी अपिलाला वाट मोकळी केली. सुनावणी जुलैत ठरली.

ती झालीच नाही. २४ जूनला तो बेलमार्श तुरुंगातून बाहेर पडला आणि २६ जूनला पॅसिफिकमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या सायपान बेटावरच्या अमेरिकी जिल्हा न्यायालयात उभा राहिला. बेट एवढ्यासाठी की त्याला अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाऊल ठेवायचं नव्हतं आणि ते ऑस्ट्रेलियाच्या जवळ पडतं. अठरापैकी एका आरोपाची कबुली, शिक्षा ६२ महिने, तेवढे भोगून झालेलेच, संध्याकाळी कॅनबेरा. कबुली देताना तो म्हणाला की आपण पत्रकार म्हणून काम करत होतो आणि पहिली घटनादुरुस्ती आपल्याला वाचवते असं आपण मानत होतो.

या ६२ महिन्यांचा हिशेब मनाला लागतो. जामिनाची अट मोडल्याबद्दल त्याला ५० आठवड्यांची शिक्षा झाली होती, ती सप्टेंबर २०१९ मध्येच संपली. त्यानंतरची पावणेपाच वर्षं तो कुठल्याही शिक्षेवर आत नव्हता. कच्चा कैदी होता, ब्रिटनच्या सर्वांत कडक बंदोबस्ताच्या तुरुंगांपैकी एकात. अशा माणसापुढे 'सही कर आणि घरी जा' असा कागद ठेवला तर त्यानं काय करायचं होतं? म्हणून त्या कबुलीवरून मी त्याला गुन्हेगार ठरवत नाही, आणि तिला विजयही म्हणत नाही. सायपानची कबुली दुसऱ्या न्यायालयाला बंधनकारक नाही, पण पुढच्या सरकारी वकिलाला बोट दाखवायला एक दोषसिद्धी मिळाली.

तू माहिती अधिकाराचे इतके अर्ज केलेस, म्हणून एक अट मुद्दाम कळवतो. सुटकेनंतर ऑक्टोबरमध्ये स्ट्रासबर्गला बोलताना असांजनं सांगितलं की करारानुसार आपल्या खटल्याबद्दल त्याला अमेरिकी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्जसुद्धा करता येणार नाही.

वहिनींना नमस्कार सांग. नावं न झाकण्याबद्दल माझं त्यांच्याशी जराही दुमत नाही, हेही सांग. २६ मार्चच्या निकालाची प्रत दिवाळीत येताना आणतो. राष्ट्रीयत्वाचा भाग त्यांनी आधी वाचावा.

तुझा,
विनायक