सास्काटूनच्या पिरोहीवाल्या काकूंना, मनापासून

काकूंनो,

(वयाने तुमच्यातल्या बऱ्याच जणी आज्या आहेत, पण आई तुम्हाला "आमच्या बायका" म्हणते, म्हणून मी मधला मार्ग काढलाय.)

हे पत्र मराठीत लिहितेय. तुमच्यापैकी कोणाला वाचता येणार नाही, नातवंडं मोबाइलवर भाषांतर करून सांगतील तेवढं खरं. पण हे आपल्या मराठी माणसांनीही वाचावं असं मला वाटतं, का ते पुढे येईलच.

बाबा गेल्यावर आईला कराडहून इकडे कॅनडात आणलं, सुपर व्हिसावर (इथल्या लोकांच्या आईवडिलांना बराच काळ राहू देणारा व्हिजिटर व्हिसा), आणि तेही ऐन नोव्हेंबरात. जिच्या दाराला दिवसभर कधी कडी लागली नाही, कोणी ना कोणी येऊन बसलेलंच असायचं, ती बाई इथे खिडकीपाशी बसून लोक गाड्यांना वायरी का जोडतात (थंडीत इंजिन गोठू नये म्हणून) ते बघत बसायची. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत. संध्याकाळी विचारलं काय केलंस गं दिवसभर, तर "काही नाही, बसले होते." रोज हेच उत्तर, आणि त्यात तक्रारीचा सूरही नाही, त्यानेच जास्त घाबरायला व्हायचं.

मी काय स्वस्थ बसले नव्हते. आपल्या लोकांच्या एका ग्रुपवर लिहिलं, की आईला कोणाच्या तरी सोबत बसता येईल का, भजन म्हणा, भिशी म्हणा, नुसता चहा म्हणा. एकवीस जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले. एका ताईंनी फोन केला, बरं वाटलं, तर त्यांनी सांगितलं की आधी आईंना पँट आणि स्नोबूट घालायची सवय लावा, इथे नऊवारी नेसून फिरलं की लोक बघतात. आणि दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं राहिली आहेत, घेणार का? सरकारी इंग्लिशचे क्लास व्हिजिटर लोकांना मिळत नाहीत, तो नियम आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपल्याच माणसांना कुठला नियम आडवा आला होता?

लायब्ररीच्या बोर्डवर तुमचा कागद दिसला. शुक्रवारी सकाळी चर्चच्या बेसमेंटमध्ये पिरोही (बटाट्याचं सारण भरून पाण्यात उकडलेल्या, करंजीसारख्या युक्रेनियन) करायला हात हवेत, अनुभव नको, जेवण मिळेल. मी फोनवर चाचरत विचारलं, आम्ही युक्रेनियन नाही, ख्रिश्चनही नाही, आईला इंग्लिश येत नाही, चालेल का? पलीकडून एकच प्रश्न आला, तिचे हात दुखतात का? मी म्हटलं नाही. मग घेऊन या.

त्या दिवशी उणे तीस होतं. आई नऊवारी, त्यावर माझ्या नवऱ्याचं जाकीट, पायात दोन-दोन मोजे, अशा अवतारात जिना उतरली आणि समोर तुम्ही वीस-पंचवीस जणी, सगळ्या एप्रन लावून. सगळ्या वळून बघायला लागल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात लाल फ्रेमच्या चष्म्याच्या काकू एप्रन घेऊन आल्या. आईच्या गळ्यात घालायच्या आधी थांबल्या, तिच्या पदराकडे बघितलं, तो दोन्ही हातांनी उचलून नीट चुण्या करून कमरेला खोचला, पिठात लोळू नये म्हणून, आणि मग वरून एप्रन घातला. मागे गाठ मारली, ती घट्ट वाटली असावी, सोडून परत सैल मारली. तोंडाने एक शब्द नाही. झालं की आईच्या पाठीवर थाप मारून टेबलाकडे बोट दाखवलं, चल, कामाला लाग.

बस एवढंच. पण मी त्या जिन्यावर उभी राहून रडले. बाबा गेल्यापासून आईला सगळ्यांनी सल्ले दिले, गोळ्या दिल्या, मीसुद्धा टॅब्लेटवर सीरियल लावून दिल्या. तिच्याकडून काही मागितलं ते फक्त तुम्ही. तुम्हाला सकाळभरात शेकडो पिरोही वळायच्या होत्या आणि दोन हात कमी पडत होते, बाकी काही नाही, आणि तिला नेमकं तेच पाहिजे होतं.

पुढचं आईकडून रोज ऐकते. बटाट्याच्या सारणाचे गोळे आदल्या दिवशीच करून ठेवलेले असतात, एकजण लाटते, एकजण वाटीने गोल पाडते, बाकीच्या मिटतात, मग उकळत्या पाण्यात, वर तरंगल्या की बाहेर काढून लोणी, आणि डझनाच्या पिशव्या. बेकन वेगळं, आईच्या ताटाजवळही येऊ देत नाहीत. पहिल्या दिवशी तिने सवयीने करंजीची मुरड घातली. सगळ्या जमल्या, फोटो काढले, वा वा झालं, आणि मग लाल चष्म्याच्या काकूंनी डोकं हलवलं, कड जाड होते, आत कच्ची राहते, साधी दाबायची. उगाच गोड बोलायचं म्हणून चालवून नाही घेतलं, हे आईला फार आवडलं. घरी येऊन म्हणाली, बाई कडक आहे, पण कामाची आहे.

तुमची युक्रेनियन वुमेन्स असोसिएशन ऑफ कॅनडा 1926 मध्ये याच गावात सुरू झाली, हे मला नंतर कळलं. नदीकाठचं युक्रेनियन म्युझियमही याच संघटनेच्या बायकांनी घराघरातून भरतकामाचे कपडे जमवून उभं केलेलं. आईला नेलं होतं, ती एका सदऱ्याच्या बाहीसमोर एवढा वेळ उभी, की गार्ड येऊन विचारून गेला. तुमचे आजोबा-पणजोबा दहा डॉलर फी भरून 160 एकर जमिनीसाठी इथे आले, आणि पहिल्या महायुद्धात याच देशाने हजारो युक्रेनियन लोकांना शत्रू ठरवून कँपात डांबलं, हजारोंना पोलिसांकडे हजेरी लावायला लावली. 2022 नंतर युद्धामुळे युक्रेनमधून नवीन बायका-मुलं आली त्यांच्यासाठी कोट, पाळणे, कुकर याच बेसमेंटमध्ये रचलेले असायचे म्हणे. एवढं सगळं स्वतःच्या माणसांचं उरावर असताना कराडच्या एका म्हातारीचा पदर पिठात जाईल याकडे लक्ष गेलं. चांगुलपणा कसा ओळखायचा कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, आणि तो कुठल्या धर्माचा, कुठल्या गावचा हे विचारायची मला तरी गरज वाटत नाही. तुमची प्रार्थना चालू असते तेव्हा आई हात जोडून उभी असते, ना तुम्ही काही म्हणता, ना ती.

आता संध्याकाळी घरी आले की माझ्याशी बोलायला तिला वेळ नसतो, शुक्रवारच्या गोष्टी कराडला फोनवर सांगत असते. सगळ्यांची नावं तिच्या पद्धतीने. तुम्ही ऐकलीत तर ओळखणार नाही.

आणि हो, त्या ग्रुपवरच्या ताईंना कळवायचं होतं, आई अजून नऊवारीच नेसते. लोक बघतात हे खरं आहे. मागच्या महिन्यात तुमच्यातल्या दोघी ती कशी नेसायची ते शिकायला घरी आल्या होत्या.

तुमची,
कराडच्या बाईंची लेक

ता.क. आई विचारतेय, बटाट्यात हिरवी मिरची घातली तर चालेल का. एकच ट्रे करू, वेगळी पिशवी, वर मोठ्या अक्षरात लिहून. नाही म्हणालात तरी ती पुढच्या शुक्रवारी परत विचारणार आहे.