लेडी फ्लोराला चारच ओळी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या राजवाड्यातील लेडी-इन-वेटिंगवर, म्हणजे राणीच्या मानकरी सख्यांवर, आलेला पानभर लेख वाचला आणि राहवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पायघोळ झगे, जडजवाहीर, मेजवानीत कोणी कोणाच्या शेजारी बसायचे याचे नियम आणि मे १८३९ मध्ये आपल्या सख्या बदलायला नकार देऊन राणी व्हिक्टोरियाने विरोधी पक्षाचे नेते रॉबर्ट पील यांचे सरकार कसे येऊ दिले नाही, या सगळ्याला आपल्या लेखकाने सढळ हाताने जागा दिली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्याच वर्षी त्याच राजवाड्यात लेडी फ्लोरा हेस्टिंग्जच्या वाट्याला जे आले, ते 'दरबारी कुजबुजीतून झालेला गैरसमज' असे म्हणून चार ओळींत उरकले आहे, हे मला अजिबात पटलेले नाही. एका आजारी बाईच्या अब्रूचा तो उघड पंचनामा होता आणि तिच्याबरोबर रोज एका मेजावर जेवणाऱ्या बायकांनी तो घडवून आणला होता.

फ्लोरा ही राणीच्या आईची, म्हणजे डचेस ऑफ केंटची, लेडी-इन-वेटिंग होती. डचेसचा कारभारी सर जॉन कॉनरॉय याने लहान व्हिक्टोरियाला जो जाच केला, त्याचा राग राणीच्या मनात कायम होता आणि कॉनरॉयच्या जवळची म्हणून फ्लोराकडेही ती संशयानेच पाहत असे. जानेवारी १८३९ मध्ये स्कॉटलंडहून परतताना फ्लोराने कॉनरॉयबरोबर एकाच बग्गीतून प्रवास केला. पोटात दुखते आणि पोट फुगले आहे म्हणून तिने राजवैद्य सर जेम्स क्लार्क यांना दाखवले. त्यांनी कपड्यांवरूनच चाचपून औषध दिले आणि मनात भलताच संशय धरला. तोवर राणीची सखी लेडी टॅव्हिस्टॉक आणि राणीची जुनी गव्हर्नेस बॅरोनेस लेझेन यांची आपसांत नजरानजर सुरू झाली होती. २ फेब्रुवारीला राणीने आपल्या रोजनिशीत फ्लोराला दिवस गेले असल्याचे लिहूनही टाकले. तपासणी करून घेतल्याखेरीज राणीसमोर येऊ नये, असा निरोप राणीची दुसरी सखी लेडी पोर्टमन हिच्याकडून फ्लोराला मिळाला. डचेसचा या तपासणीला विरोध होता. तरीही १७ फेब्रुवारीला फ्लोरा तयार झाली, कारण नकार दिला असता तर तोच कबुलीजबाब ठरला असता. लहानपणापासून ओळखणारे दुसरे डॉक्टर, सर चार्ल्स क्लार्क, यांना तिने स्वतः बोलावून घेतले. गर्भ असल्याचा संशय घेण्यास कोणतेही कारण नाही, असे दोघांनी लिहून दिले. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती.

हे मी इतके तपशिलाने लिहिते आहे त्याला कारण आहे. आमच्या घरी असेच घडले होते. माझी थोरली बहीण एका शाळेत शिक्षिका होती, लग्न व्हायचे होते. तिचे पोट वाढू लागले तशी ती पदर दोन्ही बाजूंनी ओढून घेऊ लागली. शिक्षकांच्या खोलीत ती गेली की बोलणे थांबे. आई तिला ज्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, त्यांनी आईला बाहेर बसवले आणि ताईच्या पोटाला हातही न लावता पहिला प्रश्न विचारला, "किती महिने झाले?" ताई काही बोललीच नाही, आणि तिच्या गप्प राहण्याचाही अर्थ लावला गेला. दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई दारात आला आणि प्रकृती सुधारेपर्यंत येऊ नका, एवढा तोंडी निरोप देऊन गेला. कागद नाही, सही नाही. पुढे पुण्याला शस्त्रक्रिया झाली आणि अंडाशयातून नारळाएवढी गाठ निघाली. ताई बरी होऊन त्याच शाळेत परतली, त्याच खोलीत त्याच बायकांसमोर डबा उघडून बसली आणि निवृत्त होईपर्यंत बसत राहिली. तिच्याजवळ येऊन 'आमचे चुकले' असे एकीनेही म्हटले नाही. अशा गोष्टीला 'गैरसमज' म्हणायचे असेल, तर तो शब्द लिहिण्यापूर्वी जिला तो सोसावा लागतो तिचा विचार करावा, एवढीच माझी विनंती आहे.

फ्लोराची तर घरी निघून जाण्याचीही सोय नव्हती. ती राजवाडा सोडती, तर लोक म्हणाले असते की बाळंतपणासाठीच गेली. म्हणून ती दुखणे अंगावर काढत राजवाड्यात राहिली. राणीने तिची क्षमा मागितली हे खरे, परंतु राजवैद्याला डचेसने आपल्या सेवेतून काढले तरी राणीने त्याला आपल्याकडे ठेवलेच. आपल्या सख्यांसाठी मे महिन्यात पीलशी भांडणारी हीच राणी तीन महिन्यांपूर्वी आईच्या सखीसाठी एक शब्दही बोलली नव्हती, हे आपल्या लेखकाला का दिसू नये? लेडी पोर्टमन आणि लेडी टॅव्हिस्टॉक या दोघीही राणीने राखलेल्या त्या सख्यांपैकीच होत्या.

फ्लोराची बाजू घेतली ती वर्तमानपत्रांनी, हे मला आपल्याला मुद्दाम सांगायचे आहे. तिने आपल्या आत्याच्या यजमानांना लिहिलेली सगळी हकीकत २४ मार्चच्या 'एक्झॅमिनर'मध्ये छापून आली आणि तिच्या आईचा पंतप्रधान मेलबर्न यांच्याशी झालेला पत्रव्यवहार एप्रिलमध्ये 'मॉर्निंग पोस्ट'ने छापला. त्यानंतर लोक राणीला शर्यतीच्या मैदानावर 'मिसेस मेलबर्न' म्हणून हिणवू लागले. ५ जुलैला बकिंगहॅम राजवाड्यातच फ्लोरा वारली. आपल्या देहाची चिरफाड करून खरे काय ते पाहावे, ही तिचीच इच्छा होती. यकृत अतोनात वाढून खाली ओटीपोटापर्यंत आले होते, गर्भाशय निरोगी होते.

आणखी दोन गोष्टी. लेखासोबत आपण काळ्या पोशाखातील वयस्क, विधवा व्हिक्टोरियाचे चित्र छापले आहे. फ्लोराचे प्रकरण घडले तेव्हा राणी एकोणीस वर्षांची होती आणि तिचे लग्नही झालेले नव्हते. हे वय वाचकाला कळले नाही, तर अख्खे प्रकरणच कळत नाही. दुसरी चूक याहून मोठी आहे. लेखात फ्लोराला 'वॉरन हेस्टिंग्जची कन्या' म्हटले आहे. वॉरन हेस्टिंग्ज १७८५ मध्येच हिंदुस्थान सोडून गेले होते. फ्लोराचे वडील ते मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, १८१३ ते १८२३ या काळातील गव्हर्नर जनरल. त्यांच्याच कारकिर्दीत नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढल्या वर्षी पेशवाई संपली. निदान मराठी वर्तमानपत्राने तरी या दोन हेस्टिंग्जांत घोळ घालायला नको होता. पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, ही दुरुस्ती ठळकपणे छापावी आणि त्याबरोबर फ्लोराची हकीकत पूर्ण द्यावी. त्यासाठी मेजवान्यांतील आसनांचा मजकूर थोडा कमी करावा लागला, तरी हरकत नाही.

कळावे,
आपली एक वाचक,
सातारा