सिम्युलेटर अडकला की नुसताच संथ?

संपादक महोदय,

जेम-५ या संगणकाच्या हार्डवेअरची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरवर लिनक्स बूट झाले नाही की प्रोसेसर मॉडेल बदलत बसण्याची खोड सार्वत्रिक आहे. आधी आउटपुट फोल्डरमधली टर्मिनलची फाइल उघडावी. तीही रिकामी असेल तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आदेश-ओळीतले 'कन्सोल=', म्हणजे संदेश कुठे छापायचे ते, तपासावे: एक्स८६ प्रोसेसरला टीटीवायएस०, आर्मला टीटीवायएएमए०. रूट फाइल सिस्टिम (मुख्य फाइलसाठा) माउंट होत नाही, म्हणजे जोडली जात नाही, असे सांगून कर्नल पॅनिक झाला (चालायचाच थांबला), तर बहुधा 'रूट=' मधले पार्टिशन चुकलेले असते, नाहीतर डिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्ये न घालता मॉड्यूल म्हणून ठेवलेला असतो. डिस्कच वाचता येत नाही, तर तिच्यावरचे मॉड्यूल चढणार कुठून?

ओ३ या तपशीलवार प्रोसेसर मॉडेलवर थेट बूट करणे ही निव्वळ हौस. ते पाइपलाइनचा टप्पा न् टप्पा मोजते; तोवर यंत्र अडकले असेच वाटते. ॲटॉमिक या साध्या, वेगवान मॉडेलवर बूट करावे, लॉगिन दिसले की चेकपॉइंट (यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीची जतन केलेली प्रत) घ्यावा आणि तिथून ओ३ सुरू करावे. सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारे केव्हीएम याहून कितीतरी वेगवान, पण यजमान (सिम्युलेटर चालवणारा) प्रोसेसर नक्कल करायच्या प्रोसेसरच्याच आर्किटेक्चरचा हवा. जेम-५च्या 'क्लासिक' प्रकारच्या कॅशेमधला (प्रोसेसरजवळच्या वेगवान साठ्यातला) डेटा चेकपॉइंटमध्ये उतरत नाही, त्यामुळे पुन्हा सुरू केल्यावर कॅशे भरेपर्यंतचे आकडे निकालात धरू नयेत.

– एक वाचक